ना तुतारी, ना पिपाणी

साताऱ्याहून भाच्याचा फोन आला तो 2024 च्या जूनमध्ये, लोकसभेचा निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी. "मामा, तुम्ही वाजवता ती तुतारी की पिपाणी?"

"दोन्ही नाही."

"मग इकडं लोकांना कोणी सांगितलं नाही वाटतं," तो म्हणाला आणि हसत सुटला.

झालं होतं असं. राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. निवडणूक आयोगाच्या मोकळ्या चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट होतं आणि त्याचं मराठी नाव दिलेलं होतं 'तुतारी'. साताऱ्यात हे ट्रम्पेट एका अपक्षाला मिळालं. त्याला 37,062 मतं पडली आणि तुतारी वाजवणारा माणूस 32,771 मतांनी पडला. त्या मतांतली चुकून किती पडली, हे मतपेटीलाच ठाऊक. मग वर्तमानपत्रांनी घोळ नको म्हणून ट्रम्पेटला 'पिपाणी' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक चढवली. विधानसभेच्या वेळी आयोगानं मराठीतही त्याचं नाव 'ट्रम्पेट' असंच ठेवलं. मी भिलाईत बसून पेढे वाटले नाहीत, पण बायकोला दुसरा चहा मागितला.

राजकारणाशी मला घेणं नाही. पण मी चाळीस वर्षं ट्रम्पेट फुंकलं आहे आणि तेवढीच वर्षं लोकांची ट्रम्पेटं दुरुस्त केली आहेत. पिपाणीच्या तोंडाशी पत्ती असते. फुंकलं की पत्ती थरथरते आणि तिच्यातून सूर निघतो. इथं छत्तीसगढात तिची बहीण म्हणजे मोहरी. गंडवा बाजात निसान, दफडा, टिमकी आणि मोहरी असल्याशिवाय खेड्यातलं लग्न लागत नसे. ट्रम्पेटला पत्ती नाही. तिथं माणसाचे ओठच पत्ती. ओठ मिटायचे, मधून वारा सोडायचा, ओठ फुरफुरतात, आणि ती फुरफुर पुढची नळी मोठी करते. तुतारीचंही तंत्र हेच, शंखाचंही हेच, आणि बस्तरकडचे आदिवासी जे शिंग फुंकतात त्याचंही हेच. त्यामुळं तुतारी आणि ट्रम्पेट एका घराण्यातले, हे कबूल. पण केशवसुतांनी 1893 साली मागितली ती तुतारी होती. तिला तीन बटणं नव्हती. त्या तीन बटणांत माझी निम्मी जिंदगी गेली.

आम्ही मूळचे भंडाऱ्याचे. भंडारा म्हणजे पितळ. आबाजी, माझे आजोबा, गुंड घडवायचे, म्हणजे पाण्याचे मोठे पितळी हंडे. पाठ वाकलेली, समोर ठोकायची मेख, आणि दिवसभर तो एकच ठोका. गुंड तयार झाला की आबाजी त्यात पाणी भरून राखेवर ठेवत. सकाळी राख जिथं भिजली तिथं गळती. मी लहान असताना एकदा विचारलं, नुसतं डोळ्यानं दिसत नाही का? म्हणाले, "डोये फसवतेत बाप्पा. राख नाही फसवत."

वडिलांनी ते काम धरलं नाही. भंडारा रोडला गाडीत बसलं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि मग दुर्ग. त्या काळात दुर्गच्या शेजारी भिलाईच्या माळावर रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. वडील पुढच्याच वर्षी आले आणि मी त्याच वर्षी जन्मलो. सेक्टरमधलं क्वार्टर मिळालं. घरात मराठी, फाटकात हिंदी, उजवीकडं तेलुगू, डावीकडं मल्याळी, आणि दूध घालायला येणारी बाई छत्तीसगढी. अजूनही मी हिशेब मराठीत करतो आणि भांडतो हिंदीत.

शाळेच्या बँडपथकात मला बिगुल मिळाला तो उंचीमुळं. 26 जानेवारीला जयंती स्टेडियमवर संचलन असे. थंडीत ते पितळी माउथपीस ओठाला लावलं की चटका बसल्यासारखं वाटायचं. बिगुलाला बटण नाही, भोक नाही. नुसती गुंडाळलेली नळी. ओठ सैल ठेवले तर खालचा सूर, आवळले तर वरचा, पण मधले सगळे सूर नाहीत. सा, ग, प, वरचा सा आणि खाली एक प, एवढीच त्याची मिळकत. रे, म, ध, नि कितीही जीव काढा, येत नाहीत. फौजेतल्या पहाटेच्या आणि संध्याकाळच्या साऱ्या सुरावटी एवढ्याच सुरांवर बेतलेल्या आहेत. मी त्यावर सिनेमातलं गाणं वाजवायला बघायचो. ते प्रत्येक ओळीत दोनदा मरायचं.

मग सुपेल्याच्या बाजारात एका बँड पार्टीच्या गाळ्यासमोर मी पहिलं ट्रम्पेट जवळून पाहिलं. शर्टाची बटणं उघडी टाकून एक म्हातारा बसला होता आणि तेच गाणं, जे माझ्या बिगुलावर मरत होतं, ते तो पान चघळल्याच्या सहजतेनं वाजवत होता. तीन बोटं वर-खाली होत होती. ते आमचे मास्टर. बँडमध्ये जो मुख्य असतो त्याला मास्टरच म्हणतात, मग तो सही करू शको वा नको. त्यांनी मला महिनाभर ट्रम्पेट दिलंच नाही. नुसतं माउथपीस हातात दिलं. "पहिले मक्खी बन," म्हणाले. मी माशीसारखा ओठ फुरफुरवत राहिलो. आई म्हणायची, या पोराला काही लागिरलं का बघा.

आमच्या गावात सरावाची एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना कळायची नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. सकाळी सहाची, दुपारी दोनची आणि रात्री दहाची पाळी. त्यामुळं सेक्टरमध्ये दिवसाच्या कुठल्याही घटकेला कोणीतरी झोपलेलं असतंच. दुपारी बाराला ट्रम्पेट काढलं तर रात्रपाळी करून आलेला शेजारी बनियनवर दारात उभा. म्हणून मी सायकलवर मरोद्याच्या तलावाकडं जायचो. बगळ्यांनी पहिले सहा महिने सहन केलं.

1982 साली मीही कारखान्यात लागलो, पाइप फिटर म्हणून. लोकांना वाटतं पोलाद कारखाना म्हणजे आग. आम्हा पाइपवाल्यांना तो वाऱ्याचा कारखाना वाटतो. झोतभट्टीत तापवलेली हवा भोवतालच्या तोट्यांतून आत फुंकतात, त्या तोट्यांना ट्युयर म्हणतात. तो वारा बंद पडला तर आत लोखंड नाही, राखुंडी. शिवाय वाफेच्या नळ्या, गॅसच्या नळ्या, दाबाच्या हवेच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या. आमचं काम म्हणजे गळती शोधायची. हवेची बारीक गळती कशी सापडते? साबणाचं पाणी करायचं, कुंचल्यानं सांध्यावर लावायचं, बुडबुडा आला की तिथं. अठरा-वीस इंची नळी असो की बोटाएवढी, बुडबुडा खोटं बोलत नाही. आबाजींची राख मला तिथं आठवली.

आणि तिथंच एक दिवस डोक्यात आलं, की मास्टरचं जुनं ट्रम्पेट वरचे सूर देत नाही, ते त्यांच्या वयामुळं नसेल. रविवारी गेलो. ट्रम्पेटच्या फुललेल्या तोंडात रबरी चेंडू दाबून बसवला, माउथपीसच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून हळू हवा दिली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. पाण्याच्या चावीखाली, म्हणजे साचलेलं पाणी काढून टाकायला जी छोटी कळ असते तिच्या बुचाखाली, मोत्याएवढा बुडबुडा. (लोक त्या पाण्याला थुंकी म्हणतात. बहुतेक ती वाफ असते, श्वासातली, थंड नळीला लागून निवळलेली. पण लग्नात कोणाच्या पायावर पडलं तर हे समजावायला वेळ नसतो.) सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबराची चकती कापून बसवली. मास्टरनी ट्रम्पेट उचललं, वरचा सा लावला, तो लागला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी गाळ्यावर सांगितलं, "आजसे ये हमारा डॉक्टर." मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. नंतर पगार कितीही वाढला तरी त्या दिवसासारखं वाटलं नाही.

आता त्या तीन बटणांचं. बटणं म्हणजे पिस्टन व्हॉल्व्ह. कुठल्याही फिटरला आवडेल असं काम आहे ते. साध्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडून सरळ केली तर सुमारे 148 सेंटिमीटर भरते. नळी लांबली की सूर उतरतो. एक अर्धा स्वर उतरवायचा तर लांबी सहा टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणजे जवळजवळ 9 सेंटिमीटर. दुसरं बटण दाबलं की वारा आणखी 9 सेंटिमीटरच्या वळशातून फिरून येतो. पहिलं दाबलं की 18 सेंटिमीटरच्या, म्हणजे पूर्ण स्वर खाली. तिसरं दाबलं की 28 च्या, म्हणजे दीड स्वर. बिगुलात जे रे, म, ध, नि मिळत नव्हते ते या वळशांनी मिळाले.

पण इथं एक चोरी आहे, आणि ती मला पाळीच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर हिशेब करताना सापडली. तिन्ही बटणं एकदम दाबली की तीन पूर्ण स्वर खाली जायला हवं. त्याला जादा नळी लागते सव्वाएकसष्ट सेंटिमीटरच्या आसपास. तिन्ही वळशांची बेरीज होते पंचावन्न. सहा सेंटिमीटर कमी! सूर चढा लागणारच. मी आधी मेरठवाल्यांना नावं ठेवली. आपल्याकडच्या बँडची बहुतेक वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात बनतात आणि आमच्या मास्टरचं ट्रम्पेटही तिथलंच होतं. मग कळलं की जगातल्या सगळ्या ट्रम्पेटांना हीच खोट आहे, कारण टक्केवारीची बेरीज सरळ होत नाही. म्हणून तर चांगल्या ट्रम्पेटाच्या तिसऱ्या वळशाला बोट अडकवायला कडी असते. वाजवता वाजवता ती सरकवून उरलेली लांबी भरायची. मास्टरना हा हिशेब मी उत्साहानं समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैं तो होंठ से उतार लेता हूँ." पन्नास वर्षं ते सहा सेंटिमीटर त्यांनी ओठानं भरले होते.

व्हॉल्व्हचा शोध जर्मनांचा. श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी 1818 साली त्याचं पेटंट घेतलं. पॅरिसच्या पेरिने यानं 1838-39 च्या सुमारास जो पिस्टन बनवला तोच थोड्याफार फरकानं आज सुपेल्यात दाबला जातो. पण मला सगळ्यात मजा वाटली ती त्याआधीच्या खटपटीची. व्हिएन्नाच्या आंटोन वाइडिंगर नावाच्या वादकाकडं ट्रम्पेटला भोकं पाडून त्यावर झाकणं बसवलेली होती. झाकण उघडलं की सूर बदलायचा. हायडननं 1796 साली त्याच्यासाठी ट्रम्पेटचा कंचेर्टो लिहिला. म्हणजे मी ज्याला आयुष्यभर गळती म्हणून बुजवत आलो, ती या माणसानं मुद्दाम करून तिच्यातून संगीत काढलं! निवृत्तीनंतर मुलानं मोबाइलवर तो कंचेर्टो ऐकवला. आताच्या व्हॉल्व्हच्या ट्रम्पेटावर वाजवलेला होता, पण मला सारखी ती भोकंच दिसत होती.

दुरुस्तीचं काम क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात वाढत गेलं. पोचे काढायला पोलादी गोळ्या लागतात. वेगवेगळ्या मापाच्या गोळ्या नळीत घालून, दांडीनं रेटून, बाहेरून हलक्या हातोडीनं ठोकायचं. बेअरिंगच्या गोळ्या उत्तम. त्या मी कारखान्यातून नाही आणल्या, भंगारवाल्याकडून विकत घेतल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या घरी ते ताट भरलेलं पाहून प्रत्येक सहकारी एकच प्रश्न विचारायचा. उकललेल्या सांध्याला डाग द्यायला मी भंडाऱ्याहून आबाजींची हत्यारं आणली. आबाजी तोवर गेले होते. त्यांची चिमटी इतकी बारीक होती की ती गुंडासाठी नसावीच. तिचा उपयोग काय होता हे विचारायचं राहिलं.

या व्हरांड्यात ट्रम्पेटचा सगळा गोतावळा येऊन गेला. कॉर्नेट यायचा, त्याला बँडवाले कारनेट म्हणतात. त्याची नळीही ट्रम्पेटएवढीच लांब, सूरही तोच, पण ट्रम्पेटची नळी बरीचशी एकाच जाडीची असते आणि शेवटी फुलते, तर कॉर्नेटची आधीपासूनच हळूहळू रुंदावत जाते. त्यामुळं ट्रम्पेटचा आवाज टाचणीसारखा घुसतो आणि कॉर्नेटचा वाकळीसारखा अंगावर येतो. वरातीला टाचणी लागते. म्हणून कॉर्नेट मागं पडले. मला विचाराल तर ते वाईट झालं. एकदा एकानं खेळण्याएवढं ट्रम्पेट आणलं आणि म्हणाला, छोट्या पोराचं आहे, सूर वर चढत नाही. ते होतं पॉकेट ट्रम्पेट. नळी पूर्ण दीड मीटरची, फक्त जास्त वेटोळी घातलेली. सूर वर चढणार कसा? वरच्या सुराचं लहान ट्रम्पेट वेगळं, पिकोलो. त्याची नळी खरोखरच निम्मी असते आणि बहुधा चौथं बटणही असतं. ते मी फक्त पडद्यावर पाहिलंय.

एक आलं होतं रशियन अक्षरं कोरलेलं. बटणं दाबायची नव्हती. तीन पट्ट्या होत्या आणि त्या दाबल्या की आतले दट्टे गोल फिरायचे. रशियन तंत्रज्ञांपैकी कोणाचं तरी मागं राहिलेलं असणार. आणणारा म्हणाला, आजोबांच्या ट्रंकेत सापडलं. मी ते चार दिवस नुसतं उघडून बघत बसलो. पिस्टन वर-खाली होतो तेव्हा वारा क्षणभर अडखळतो. या फिरत्या दट्ट्यात तो अडखळत नाही, वळणावरून गाडी जावी तसा जातो. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात अजून हीच पद्धत मानतात. पण आपल्या वरातीत धूळ असते, आणि फिरत्या दट्ट्यात धूळ गेली की घड्याळजीकडंच न्यावं लागतं. आमचा पिस्टन काढा, धोतराच्या सोग्यानं पुसा, घाला, वाजवा.

पुसण्यावरून आठवलं. जानेवारीतलं लग्न, दुर्गचं. साल बहुधा 1986. मी साप्ताहिक सुटीला मास्टरबरोबर जायचो. पैशाचा प्रश्न विचारू नका, नोकरीत असताना बाहेरचं काम करू नये असा नियम होता आणि मी हौस म्हणूनच जायचो असं धरून चाला. त्या दिवशी एका नव्या पोरानं सगळ्यांच्या व्हॉल्व्हना तेल घातलं. प्रेमानं घातलं, भरपूर घातलं, खोबरेल. घालताना दुपार होती. वरात निघाली रात्री नऊला. तोवर हवा बारा-तेरा अंशावर उतरलेली. खोबरेल तेल पंचविसाच्या खाली थिजायला लागतं, हे डोक्याला लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, पण ट्रम्पेटला लावताना कोणाला आठवत नाही. नवरदेव घोडीवर बसला, मास्टरनी हात उचलला, मी दुसरं बटण दाबलं आणि ते वर आलंच नाही. अर्ध्या स्वरानं खाली सगळं गाणं. शेजारच्याचं पहिलं अडकलेलं, तो पूर्ण स्वरानं खाली. क्लॅरिनेट जागच्या जागी. तिघं तीन पट्ट्यांत एकच गाणं वाजवत होतो, आणि वऱ्हाडी नाचत होते! वाचवलं ते डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणाऱ्या एका बाईनं. तिनं आमची तोंडं पाहिली, दिवा खाली घेतला आणि म्हणाली, "सेंक ले बेटा." आम्ही एकेक करून ट्रम्पेट तिच्या दिव्यापाशी शेकलं. पुढच्या चौकापर्यंत बटणं वर आली. मास्टरनी त्या पोराला काही म्हटलं नाही. मला म्हटलं, "डॉक्टर, तेरे रहते?"

उन्हाळ्याचं दुखणं उलटं. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, आणि भिलाईचा मे म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश. हवा तापली की तिच्यात आवाज जोरात धावतो. दहा अंशाला सेकंदाला सुमारे 337 मीटर, बेचाळीसला सुमारे 357. फरक सहा टक्के, म्हणजे हिशेबानं जवळजवळ अर्धा स्वर. प्रत्यक्षात तेवढा होत नाही, कारण थंडीतही श्वासानं नळी गरम होतेच. पण कानाला टोचेल इतका होतो. पूर्वी बँडमध्ये सगळेच फुंकणारे, सगळ्यांचा सूर थोडाफार एकदमच चढायचा, कोणाला पत्ता लागायचा नाही. कीबोर्ड आला आणि पंचाईत झाली. त्याला ऊन लागत नाही. तो जानेवारीत जिथं, तिथंच मेमध्ये. मग ट्रम्पेटच्या पुढच्या वळशाची नळी, जिला ट्यूनिंग स्लाइड म्हणतात, ती दोन बोटं बाहेर ओढायची. मी आमच्या पोरांसाठी त्यावर खिळ्यानं दोन खुणा करून दिल्या होत्या. एक 'ठंड', एक 'गरमी'.

एकदा वरात नेमकी माझ्याच सेक्शनच्या साहेबांच्या दारात गेली. मला पत्ता आधी माहीत नव्हता. मास्टर फक्त वेळ सांगायचे. लाल कोट, जरीची टोपी कपाळावर ओढलेली, गाल फुगलेले, त्यात माणूस ओळखू येत नाही असा माझा समज. साहेब हार घेऊन उभे होते, मुलीचे बाप. त्यांनी वऱ्हाडाकडं पाहिलं, मग बँडकडं पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडं. मी डोळे मिटून वाजवत राहिलो आणि त्या नादात एक वरचा सूर फाटला. दोन दिवसांनी ते रजेवरून आले. सकाळच्या पाळीत माझ्याजवळून जाताना थांबले. म्हणाले, "परसों ऊपर की लाइन में लीकेज था क्या?" मी म्हटलं, "जी सर, अटेंड कर दिया है." पुन्हा तो विषय निघाला नाही. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला मात्र त्यांनी बँड हाच हवा म्हणून निरोप पाठवला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत गोव्याला गेलो होतो. लोक समुद्र पाहायला जातात, मी एका खेड्यातल्या चर्चच्या फेस्ताला बँड ऐकत उभा राहिलो. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फा शिकवत, स्वरलिपी वाचायला शिकवत. मुंबईच्या सिनेमातले किती वादक तिथून आले, त्याची गणती नाही. चिक चॉकलेट हे त्यांतलेच. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, बार्देशातल्या हळदोण्याचे, ट्रम्पेटवाले. 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांबरोबर ते वाजवतात आणि पडद्यावरही दिसतात. आमच्या मास्टरनी तो सिनेमा सतरा वेळा पाहिला होता म्हणे, आणि दर वेळी फक्त त्यांची बोटं. तो फेस्ताचा बँड संपल्यावर मी त्यांतल्या एकाकडं फ्ल्यूगलहॉर्न मागितलं, हातात घेतलं. ट्रम्पेटची मावशी म्हणावी असं वाद्य, नळी झपाट्यानं रुंदावणारी, आवाज अंधारा, मऊ. फुंकायला दिलं त्यानं. मी एकच सूर लावला आणि परत दिलं. माझ्या ओठाला टाचणीची सवय. त्याला मी न्याय दिला नसता.

मास्टर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं त्यांचे पुढचे दात नव्हते. दात गेले की ट्रम्पेट गेलं, कारण माउथपीस ओठावर टेकतं आणि ओठ दातावर. कवळी लावून त्यांनी प्रयत्न केला, ती सूर लागताच सरकायची. मग ते नुसते गाळ्यावर बसून पोरांना "मक्खी बन, मक्खी" करत.

गाळा अजून आहे, पण वाजतं ते धुमाल. दुर्ग-भिलाईचं धुमाल नावाजलेलं आहे. नागपूरलाही त्याला मागणी असते. गाडीवर भोंगे, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेंजो आणि ढोलांचा असा दणका की घराची तावदानं हलतात. मी त्याला नावं ठेवणार नाही. पोरं मेहनत करतात, हात दुखेपर्यंत वाजवतात, आणि ऐकणाऱ्यांना तेच हवंय. माझी तक्रार एवढीच की कीबोर्डमध्ये 'ट्रम्पेट' नावाचं एक बटण असतं आणि ते दाबलं की जे निघतं त्यात श्वास घ्यायला जागा नसते. खरा ट्रम्पेटवाला ओळीच्या शेवटी थांबतो, कारण त्याला जगायचं असतं. त्या थांबण्यात ढोलवाला आपला एक ठोका सरकवतो आणि नाचणारा खांदा उडवतो. त्या बटणावर हा खांदा उडत नाही. मी नीट बघितलंय.

तरी वर्षाला आठ-दहा ट्रम्पेटं अजून व्हरांड्यात येतात. शाळांच्या बँडची, ख्रिसमसच्या आधी चर्चची, आणि दोन जुन्या बँड पार्ट्यांची, ज्या लग्नाच्या दारात पाच मिनिटं 'असली बाजा' म्हणून उभ्या करतात. 2020 ला मी निवृत्त झालो, त्या वर्षी लग्नंच नव्हती आणि कोणीच आलं नाही. तेव्हा ओठ सुटू नयेत म्हणून रोज सकाळी मरोद्याला जायचो. बगळे नवे होते.

भाचा दिवाळीला आला होता. त्याला मी ट्रम्पेट हातात दिलं, ओठ कसे मिटायचे ते दाखवलं. दहा मिनिटं नुसता वारा. मग एकदम एक सूर निघाला, म्हशीसारखा, पण निघाला. "मामा, तुतारीसारखाच की हो!" म्हणाला. बटण न दाबता काढलेला सूर होता, त्यामुळं त्याचं म्हणणं खोडून काढता येईना.

तुमच्याकडं कोणाच्या माळ्यावर जुनं ट्रम्पेट किंवा कारनेट पडलं असेल, तर ते चकचकीत करायला चिंच किंवा पावडर लावून पिस्टन घासू नका. पिस्टनला चकाकी नको, माप हवं. नळीतून कोमट पाणी सोडा, उकळतं नको, आणि सुकू द्या. व्हॉल्व्हचं तेल मिळालं नाही तर शिवणयंत्राचं पातळ तेल दोन थेंब चालेल. खोबरेल नको.